फेरारीच्या मर्यादित आवृत्तीच्या किती गाड्या निघतील, याचा अंदाज आधी बांधता येतो का?

नेमका आकडा सांगता येत नाही, पण कंपनीची आजवरची पद्धत पाहिली तर अंदाज बराच जवळ जातो. सांगलीत विश्रामबागला चहाच्या गाड्यावर आमच्या मित्रमंडळींत हाच विषय रंगतो; काल एकाने नक्षीदार आवरणाखालच्या चाचणी-गाडीचे छायाचित्र मोबाइलवर मोठे करून तिच्या मागच्या सायलेन्सरच्या नळ्या सगळ्यांना मोजायला लावल्या. मला मात्र नळ्यांपेक्षा जुने आकडे अधिक बोलके वाटतात. बाजाराला हव्या असतील त्याहून एक गाडी कमी बनवावी, हे कंपनीचे संस्थापक एन्झो फेरारी यांच्या नावावर सांगितले जाणारे तत्त्व त्यांत स्पष्ट दिसते : 'एन्झो' या मॉडेलच्या ३९९ गाड्या ग्राहकांसाठी होत्या आणि ४००वी पोप दुसरे जॉन पॉल यांना भेट दिली गेली; 'लाफेरारी'च्या ४९९ झाल्यावर ५००वी इटलीतील भूकंपग्रस्तांच्या मदतीसाठी २०१६ मध्ये लिलावात विकली गेली; २०२४ मध्ये जाहीर झालेल्या 'एफ८०'चा आकडा ७९९ आहे. त्यामुळे पुढचा आकडाही ९९ वर संपेल, असे मला मनापासून वाटते. तरी १९८७ च्या 'एफ४०'चा अपवाद विसरू नये, कारण सुमारे ४०० गाड्यांचा विचार असताना मागणीमुळे तिच्या १,३०० हून अधिक गाड्या बनल्या.