माझा स्पारिंग पार्टनर कोणत्या स्टाइलने लढतो तेच कळत नाही, कसं ओळखू?

तुमच्या प्रश्नातलं वर्णन थोडक्यात असं आहे: तुम्ही किकबॉक्सिंग करता, हा नवीन पार्टनर आडवा (म्हणजे छाती बाजूला, एक खांदा तुमच्याकडे करून) उभा राहतो, हात जवळजवळ कमरेशी, सारखा पंजांवर नाचत असतो, पुढच्याच पायाने साइड किक घालून तुम्हाला जवळ येऊ देत नाही आणि तुम्ही बरगड्यांवर किक टाकली की पाय पकडून खाली पाडतो. विचारलं तर हसून "मिक्स आहे सगळं" म्हणतो. (हे उत्तर सगळेच देतात, त्याला फार किंमत देऊ नका.)

मी स्वतः समोरचा काय मारतो हे नंतर बघतो, आधी बघतो तो काय अडवत नाही ते. किक काय, यूट्यूब बघूनही कोणी उचलतं, पण गार्डमधली (बचावासाठी हात धरायच्या पद्धतीतली) भोकं मात्र एकाच नियमाखाली बरीच वर्षं खेळल्याशिवाय पडत नाहीत. आता हात खाली कोण ठेवतं, तर ज्याला तोंडावर पंच बसायची सवयच नाही तो. वर्ल्ड तायक्वांदोच्या (ऑलिंपिकवाल्या संघटनेच्या) नियमात डोक्याला पंच चालत नाही, कमरेखाली किकसुद्धा चालत नाही, छातीच्या गार्डवर पंच मारला तर १ पॉइंट आणि डोक्याला साधी किक बसली तर ३, मग माणूस हात वर ठेवून करणार काय. त्यात २०१२ च्या लंडन ऑलिंपिकपासून सेन्सरवाले चेस्ट गार्ड आले आणि पुढचा पाय हवेत धरून टोचत राहण्याचा खेळ अजूनच वाढला. (आयटीएफ या दुसऱ्या संघटनेच्या तायक्वांदोत डोक्याला पंच चालतो, तिथे हा हिशोब वेगळा.) क्योकुशिन या कराटेच्या प्रकारातही तोंडावर हाताने मारता येत नाही पण ते लोक आडवे उभे राहून नाचत नाहीत, ते छातीला छाती लावून पोटात पंच आणि मांडीवर लो किक घालत बसतात, त्यामुळे तुमचा माणूस तो नव्हे.

पण निव्वळ तायक्वांदोवाला पाय पकडून पाडणार नाही, तिकडे पकडणं फाउल आहे. म्हणून खरी गंमत पाडण्यात आहे, आणि तुम्ही नेमकं तेच लिहिलेलं नाही की पाडल्यावर तो काय करतो!! पुढच्या वेळी एवढं एकच बघा. वर येऊन बसला, धरून ठेवलं, तर कुस्ती किंवा जिउ-जित्सू (जमिनीवर धरून लढायची कला) कुठेतरी आहे. खाली पडलेल्या तुमच्यावर एक पंच दाखवून लगेच मागे सरकला तर कराटे, कारण स्पर्धेच्या कराटेमध्ये पाडून त्यावर स्वच्छ टेक्निक मारलं की ३ पॉइंट मिळतात आणि ती सवय अंगात मुरते. आणि नुसतं पाडून आरामात उभा राहिला, तुम्ही उठायची वाट बघत, तर मी म्हणेन वुशू या चिनी मार्शल आर्टमधला लढतीचा प्रकार, सांदा. त्यात पंच, किक आणि थ्रो तिन्ही चालतात, जमिनीवरचं काही नाही, क्लिंच (एकमेकांना बिलगून धरणं) लांबला की रेफरी सोडवतो, म्हणून पाय पकडला की झटक्यात पाडायची सवय लागते. लढत ८ मीटर बाय ८ मीटरच्या ८० सेंटिमीटर उंच प्लॅटफॉर्मवर होते आणि समोरच्याला खाली ढकललं तरी फायदा, त्यामुळे साइड किकने लांब लोटणं तिथे फार चालतं. मुए थाईवालेही (थायलंडचं किकबॉक्सिंग) पाय पकडून उभा पाय उडवतात पण ते समोर तोंड करून, हात वर ठेवून, वजन मागच्या पायावर टाकून उभे राहतात.

माझा अंदाज: पाया तायक्वांदो, नंतर सांदा. सांदामध्ये तोंडावर पंच चालतो, म्हणजे तिथेच सुरुवात केली असती तर हात इतके खाली राहिले नसते. कराटेची शक्यता पूर्ण जात नाही, तिचा वेगळा पुरावा म्हणजे लांबून एका उडीत आत येऊन मागच्या हाताचा सरळ पंच आणि तसंच बाहेर, शिवाय पंच बसल्यावर क्षणभर थांबणं, जणू रेफरी "थांबा" म्हणेल. खात्री करायची असेल तर शेवटच्या राउंडची वाट बघा, दमल्यावर नंतर शिकलेलं गळून पडतं आणि माणूस पहिल्या गुरूकडे परत जातो.

आता करायचं काय, कारण नाव कळून मार चुकत नाही. सरळ मागे जाऊ नका, साइड किक मागे जाणाऱ्याला पूर्ण लांबीवर बसते. बाजूला जा, आणि त्याच्या पाठीच्या बाजूला जा, म्हणजे त्याला आधी वळावं लागेल. आडव्या उभं राहणाऱ्याचा पुढचा पाय आत वळलेला असतो, पोटरी आणि मांडीची बाहेरची बाजू उघडी, आणि तसा पाय उचलून लो किक चेक करणं (नडगीवर अडवणं) अवघड जातं. ल्योटो माचिदा शोटोकान कराटेच्या असल्याच आत-बाहेर पद्धतीने २००९ मध्ये यूएफसी या मिक्स्ड मार्शल आर्ट्स स्पर्धेचा लाइट हेवीवेट चॅम्पियन झाला होता, लोकांना तो सापडतच नव्हता, त्याच वर्षी मॉरिसियो रुआने त्याच्या पायांवर आणि बरगड्यांवर किक घालून घालून त्याला जेरीस आणलं (निकाल माचिदाच्या बाजूने गेला, त्यावर लोक अजून भांडतात) आणि २०१० च्या रीमॅचमध्ये पहिल्याच राउंडमध्ये नॉकआउट केला.

बरगड्यांवरची किक बंद करू नका, फक्त एकटी टाकू नका. आधी जॅब-क्रॉस (पुढच्या आणि मग मागच्या हाताचा सरळ पंच) तोंडावर, त्याचे हात वर जाऊ द्या, मग किक आणि पाय लगेच परत. तुमचा पाय पकडणं त्याला सोपं का जातंय, तर त्याचे हात आधीच खाली तिथेच आहेत! तरीही पकडलाच तर पाय मागे ओढत बसू नका, त्याने तोल त्याच्याच हातात जातो. त्याची मान धरा, गुडघा आत वळवून टाच जमिनीकडे ढकला, उभ्या पायावर त्याच्या जवळ उड्या मारत राहा. पडताय असं वाटलं तर हनुवटी छातीला आणि हात सरळ टेकवायचा नाही, मनगट आणि कोपर तिथेच जातात.

अजून एक, पहिला राउंड जिंकायला खेळू नका. हलका जॅब टाका आणि बघा तो मान हलवतो, हाताने अडवतो की मागे झुकतो. मांडीला हलकी लो किक लावा, गुडघा उचलला तर थाई-किकबॉक्सिंगचं काहीतरी शिकलाय, काहीच केलं नाही तर त्याला ती दिसतच नाहीये. नुसता मारल्यासारखं दाखवा, कुठला हात हलतो बघा. आणि सुरू करायच्या आधी कोचसमोर ठरवून घ्या की गुडघ्याच्या सांध्यावर साइड किक कोणी मारायची नाही, आणि मॅटवर नसाल तर पाडापाडी बंद.

त्याने पाडल्यावर काय केलं ते कमेंटमध्ये लिहा, आणि तो डावा पाय पुढे ठेवतो की उजवा तेही, कारण उजवा पुढे असेल तर पाठीची बाजू बदलते आणि वर सांगितलेलं बाजूला सरकणं तुम्हाला उलट दिशेने करावं लागेल.