दोन लाख किलोमीटरवर गेलेली पिकअप : तुमचे प्रश्न, गॅरेजवाल्याची उत्तरं

सोयाबीन बाजारात चाललंय, कापसाची पहिली वेचणी सुरू झालीय, वरूड-मोर्शीकडे आंबियाच्या संत्र्याची तोडणी जोरात आहे. चार महिने अर्ध्या पोटी चाललेली पिकअप आता एकदम रात्रंदिवस पळणार, आणि म्हणूनच गेल्या तीन आठवड्यांत प्रश्नांचा ढीग साचलाय. निम्मे प्रश्न एकच आहेत, फक्त तालुका बदलतो. म्हणून पुन्हा एकदा लिहितो. ही उत्तरं टर्बो (धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा दाबणारा पंखा) असलेल्या डिझेल पिकअपची आहेत. ट्रॅक्टरचं मला विचारू नका, त्याला वेगळा माणूस लागतो.

गाडी 2 लाख 30 हजार चालली. ऑइल मी घरीच बदलतो. किती किलोमीटरला बदलावं? आमच्याकडे म्हणतात, काळं झाल्याशिवाय बदलू नये. (वरूड)

गाडीच्या पुस्तकात दोन आकडे असतात. एक साध्या वापराचा, दुसरा धूळ, जड माल आणि आखूड फेऱ्यांचा. तुमचा दुसरा. शेतातून संत्र्याचे कॅरेट भरून काढणारी गाडी साध्या वापरात बसत नाही. ऑइल फिल्टर दर वेळी नवा.

रंगाचं सोडा. डिझेल इंजिनात नवं ऑइल दोन-चार दिवसांत काळं होतं, कारण काजळी धरून ठेवणं हेच त्याचं काम. बघायचं ते वेगळंच. ऑइल दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय. ऑइल मोजायच्या पट्टीवरची पातळी आपोआप वाढली आणि डिझेलचा वास आला, तर गाडी सुरूही करू नका, आधी मिस्त्रीला दाखवा.

गाडी थांबवल्यावर बंद करायच्या आधी इंजिन किती वेळ चालू ठेवायचं? (परतवाडा)

चिखलदऱ्याचा घाट भरल्या गाडीनं चढून आलात तर एक-दोन मिनिटं, रेस न देता. गावात सावकाश शिरलात तर तेवढीही गरज नाही. का, ते खाली टर्बोच्या उत्तरात.

उन्हाळ्यात गाडी हीट होते. दर आठवड्याला रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी टाकतो, तरी फरक नाही. रेडिएटर बदलू का? (दर्यापूर)

दादा, तुम्ही खारपाणपट्ट्यात राहता. ज्या पाण्यानं तुमची जमीन पांढरी पडते, हरभरा जळतो, ते पाणी तुम्ही इंजिनाला पाजताय! चहाच्या पातेल्याच्या तळाला जो पांढरा थर बसतो तोच रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो, आणि तिथं हात घालून घासता येत नाही.

घरी करता येण्यासारखं एवढंच: इंजिन पूर्ण गार असताना, म्हणजे सकाळी, जुनं पाणी काढा. कंपनीनं सांगितलेलं कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर, साधारण निम्मं-निम्मं. तयार मिसळलेलं मिळतं तेही चालेल, पण दोन रंगांची कूलंटं एकत्र करू नका. रेडिएटरच्या पुढच्या जाळीत सोयाबीनचं कुटार आणि कापसाची बोंडं अडकलेली असतील, ती मागून पुढच्या बाजूला पाण्याच्या हलक्या धारेनं काढा. जोराची धार मारली की पातळ पत्रे वाकतात. झाकणाचं रबर तडकलं असेल तर झाकण नवं टाका, फार पैसे लागत नाहीत. आत दाब टिकतो म्हणूनच पाणी शंभर अंशाला उकळत नाही. अकोल्याकडच्या 45 अंशांच्या उन्हात तो दाब गेला की सगळंच गेलं.

गरम इंजिनाचं झाकण उघडू नका. फडकं टाकूनही नाही. एवढं करूनही गाडी हीट होत असेल तर रेडिएटर काढून तपासायला द्या. थर्मोस्टॅट (कूलंटची वाट उघडणारी-मिटणारी झडप) आणि वॉटर पंप बघितल्याशिवाय नवा रेडिएटर घेऊ नका. आणि आठवड्याला पाणी कमी होतं म्हणजे ते कुठंतरी जातंय. कुठं, हे शोधायला हवं. गॅस्केट (इंजिनाच्या जोडातलं पॅकिंग) गेलं असेल तर ते अंगणात बसून दुरुस्त होत नाही.

गाडी 2 लाख 80 हजार. ओढत नव्हती, निळा धूर होता. मिस्त्रीनं टर्बो बदलायला लावला. सात महिन्यांत दुसराही गेला. आता तो म्हणतो, लोकल टर्बो होता, कंपनीचा टाका. टाकू का? (आर्णी)

थांबा. तिसरा टर्बो घेऊ नका.

हा प्रश्न मला महिन्यातून तीनदा येतो, आणि दर वेळी माझं डोकं तापतं. टर्बो सहसा आपल्या मनानं मरत नाही. त्याला बाकीचं कुणीतरी मारतं, आणि आपण मढं उचलून नवा आणून बसवतो. मारणारा तिथंच बसलेला असतो. मग तो दुसऱ्यालाही खातो.

जरा समजून घ्या. तुमचं इंजिन मिनिटाला तीन-चार हजार फेरे घेतं. टर्बोची दांडी मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेते. एका टोकाला सायलेन्सरकडे जाणारा लालभडक धूर, दुसऱ्या टोकाला बाहेरची हवा, आणि मध्ये ती दांडी ऑइलच्या पातळ थरावर तरंगते. लोखंडाला लोखंड टेकतच नाही. तो थर क्षणभर तुटला की संपलं. म्हणून पहिला संशय ऑइलवर: ऑइल उशिरा बदललं का, चुकीचं टाकलं का, आणि टर्बोपर्यंत ते पोचतंय का. टर्बोला ऑइल आणणारी नळी काडीएवढी बारीक असते. गरम इंजिन वारंवार धडकन बंद केलं की त्या नळीत ऑइल भाजून कोळसा धरतो. नवा टर्बो त्याच जुन्या नळीला जोडला, तर तो उपाशीच फिरतो. नळी धुऊ नका, बदला.

दुसरं, ऑइल परत खाली नेणारी नळी. ती मोकळी, न वाकलेली हवी. ती दबली किंवा इंजिनाचा ब्रिदर (आतला दाब बाहेर सोडणारी वाट) तुंबला की ऑइलला खाली उतरायला वाट राहत नाही, आणि ते सील ओलांडून हवेच्या पाइपात शिरतं. निळा धूर होतो आणि लोक म्हणतात टर्बोचं सील गेलं. सील शाबूत असतं हो! ऑइल वरच्या खुणेच्या वर भरलेलं असलं तरी हाच तमाशा.

तिसरं, धूळ. जुना टर्बो मिस्त्रीकडून परत मागा आणि हवेच्या बाजूची पाती बघा. पात्यांची कड दगडावर घासल्यासारखी झिजलेली दिसली तर धूळ आत जात होती. एअर फिल्टरच्या पुढची क्लिप ढिली असेल, रबरी पाइप चिरला असेल, नाहीतर बाजारातला स्वस्त फिल्टर डब्यात नीट बसत नसेल. आणि पात्याचा तुकडा उडाला असेल तर तो गेला कुठं? बहुतेक वेळा इंटरकूलरमध्ये, म्हणजे टर्बोतून आलेली हवा गार करणाऱ्या जाळीत. तो काढला नाही तर पुढं इंजिनात जाईल.

घरी तपासायचं असेल तर इंजिन गार असताना हवेचा पाइप काढा, दोन बोटांनी दांडी हलवून बघा. आडवी थोडीशी हलणारच, ती ऑइलची जागा असते. पण पुढं-मागं जाणवण्याइतकी सरकली किंवा पाती भिंतीला घासली, तर टर्बो गेला. पाइपात ऑइलचा हलका ओशटपणा असतोच, त्याला घाबरू नका. ऑइल साचून वाहत असेल तर मात्र घाबरा.

का, ते सांगतो. इंटरकूलरमध्ये साचलेलं ऑइल एखाद्या चढावर इंजिन एकदम ओढून घेतं आणि त्यावरच पळतं. चावी बंद केली तरी इंजिन थांबत नाही, आवाज चढत जातो, मागं पांढऱ्या धुराचा डोंगर. आर्णी रोडवर एक गाडी अशी पळताना मी ऐकलीय, शब्दशः ऐकली, कारण धुरात ती दिसतच नव्हती. असं झालं तर ब्रेक पूर्ण दाबा, वरचा गिअर टाका, क्लच सोडून इंजिन गुदमरवा. नाही जमलं तर लांब पळा. हवेच्या पाइपात हात किंवा फडकं घालायला कुणी जाऊ नये.

आणि हे मी शहाणपणानं शिकलेलो नाही. गॅरेज नवं होतं तेव्हा एका टर्बोच्या ऑइल नळीला गॅस्केट मिळालं नाही म्हणून मी सिलिकॉन लावून भागवलं. त्याचा शेंगदाण्याएवढा गोळा नळीत गेला. तीन दिवसांत टर्बो खलास, आणि पैसे माझ्या खिशातून. तेव्हापासून माझ्या दुकानात त्या जागी सिलिकॉनची ट्यूब हात लावायला मनाई आहे.

तुम्ही मिस्त्रीला एकच विचारा: पहिला टर्बो काहून गेला? उत्तर "जुना झाला होता" असं आलं तर दुसरा मिस्त्री बघा. उत्तर नळी, ब्रिदर किंवा धूळ असं आलं तर काम त्याच्याकडेच द्या. बसवताना नवं ऑइल, नवा फिल्टर, टर्बोला ऑइल आणणाऱ्या नळीच्या तोंडात आधी स्वच्छ ऑइल ओतून दांडी हातानं फिरवायची, मग इंजिन सुरू न होऊ देता स्टार्टर थोडा थोडा फिरवून ऑइल वर पोचवायचं. हे सगळं तुमच्या डोळ्यांसमोर होऊ द्या.

ऑइलमध्ये टाकायची एक बाटली आठवडी बाजारात मिळते. विकणारा म्हणतो, इंजिन नवं होतं, धूर बंद होतो. (दिग्रस)

धूर बंद होतो, कारण ऑइल घट्ट होतं. घट्ट ऑइल त्या काडीएवढ्या नळीतून कसं जाणार, हे वरचं उत्तर वाचून तुम्हीच ठरवा. जुनी गाडी विकणारे विकायच्या दिवशी हीच बाटली ओततात.

कापसाच्या हंगामात एअर फिल्टर रोज कॉम्प्रेसरच्या हवेनं उडवतो. बरोबर ना? (राळेगाव)

नाही. जोराच्या हवेनं कागदाला बारीक भोकं पडतात, तुम्हाला दिसत नाहीत, पण धुळीला दिसतात. फिल्टर हलकेच आपटून झटका, आत टॉर्च लावून एखाद्या भोकातून उजेड फुटतो का बघा, आणि हंगामात एक जास्तीचा फिल्टर घरी ठेवा. डब्यातली बसलेली धूळ ओल्या फडक्यानं पुसा, पण इंजिनाच्या बाजूच्या तोंडात फडकं जाऊ देऊ नका.

जॅक लावून, खाली दगड-विटा रचून मी गाडीखाली शिरतो. अजून काही झालं नाही. (उमरखेड)

अजून. विटा दबत नाहीत, फुटतात, आणि सांगून फुटत नाहीत. गाडीसोबतचा जॅक चाक बदलायला आहे, माणूस खाली झोपवायला नाही. पक्क्या सपाट जागेवर, चाकांना पुढं-मागं ठोकळे, आणि चेसिसखाली वजन पेलणारे दोन स्टँड. तसे नसतील तर गाडीखाली जाऊ नका. ऑइल बदलायचे पैसे गॅरेजला द्या.

आमच्या नव्या गाडीला निळं पाणी लागतं, ते महाग आहे. मुलगा म्हणतो शेतातला युरिया पाण्यात विरघळवून टाकू, तेच तर आहे. (कारंजा)

तेच नाही. त्या निळ्या पाण्यात, म्हणजे धूर स्वच्छ करायच्या डीईएफमध्ये, 32.5 टक्के युरिया असतो हे खरं, पण तो शुद्ध असतो आणि पाणी क्षारमुक्त. तुमच्या 45 किलोच्या पोत्यातल्या दाण्यांवर कडुनिंबाच्या तेलाचा लेप असतो. तो पंपाच्या नळीत आणि सायलेन्सरमधल्या महागड्या भागात जाऊन बसेल. शिवाय अनुदानाचा युरिया दुसऱ्या कामाला वापरणं गुन्हा आहे. चुकून टाकलं असेल तर गाडी सुरू न करता सर्व्हिस सेंटरला फोन करा. आणि डीईएफ डिझेलच्या टाकीत ओतू नका. हसू नका, असे दोन फोन या वर्षी आलेत.

दादा, गाडी नवरा चालवतो, हिशेब मी ठेवते. काढलेलं जळकं ऑइल बैलांच्या अंगावर गोचिडांसाठी लावतात, कुंपणाच्या बल्ल्यांनाही लावतात. उरलेलं नाल्यात टाकतात. चालतं का? (समुद्रपूर)

ताई, बैलांना नको. त्यात इंजिनातून झिजलेला धातू असतो, बैल अंग चाटतो आणि ते पोटात जातं. गोचिडांचं पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा. नाल्यातही नको, तेच पाणी पुढं विहिरीला जातं. वापरलेलं ऑइल कायद्यानं घातक कचऱ्यात मोडतं. झाकणाच्या डब्यात भरून ठेवा आणि ऑइल परत घेणाऱ्या गॅरेजला द्या. हिशेबाच्या वहीत मात्र एक रकाना वाढवा: तारीख, किलोमीटर, काय बदललं, कितीला. गाडी पुढं विकताना किंवा माझ्यासारख्याकडे आणताना ते पान सगळ्यात कामाचं.

ऑइलचा लाल दिवा गाडी उभी असताना लागतो, रेस केली की जातो. गाडीत सोयाबीन भरलेलं आहे, बाजार समिती बावीस किलोमीटर. माल टाकून येऊ आणि मग दाखवू? (मंगरूळपीर)

नाही. गाडी बंद करा. पट्टी बघा, ऑइल कमी असेल तर भरा, आणि तरी दिवा लागला तर चावीला हात लावू नका. सेन्सर बिघडला असेल किंवा बेअरिंग झिजले असतील. कोणतं, ते ऑइलचा दाब मोजणारं गेज जोडल्याशिवाय मलाही इथून कळत नाही. माल दुसऱ्या गाडीत भरा, ही टोचन करून गॅरेजला आणा.