लघवी चहासारखी, मांड्या भरून आलेल्या

प्रश्न : वडील ६६ वर्षांचे, कोलेस्टेरॉलसाठी रोज ॲटोरव्हास्टॅटिन ४० मिलिग्रॅम घेतात. खोकल्यासाठी पाच दिवस क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक चालू आहे. परवापासून मांड्या दुखतात, जिना चढवत नाही, लघवी काळपट होते. रंकाळ्यावर जास्त चालल्यामुळे असेल का? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : चालण्यावर ढकलू नका. आज रात्रीची ॲटोरव्हास्टॅटिन देऊ नका आणि आजच त्यांना सीपीआर या सरकारी रुग्णालयाच्या किंवा जवळच्या दुसऱ्या रुग्णालयाच्या अपघात विभागात न्या. क्लॅरिथ्रोमायसिनमुळे यकृतात स्टॅटिनचा (ॲटोरव्हास्टॅटिन त्याच गटातलं) निचरा मंदावतो, रक्तातलं प्रमाण वाढतं आणि स्नायू तुटू लागतात. त्यातून सुटलेलं मायोग्लोबिन हे स्नायूंतलं प्रथिन लघवी काळी करतं, मूत्रपिंडही निकामी करू शकतं. सीके (स्नायू तुटल्यावर रक्तात वाढणारं एन्झाइम), क्रिएटिनिन (यावरून मूत्रपिंडाचं काम कळतं), पोटॅशियम आणि लघवी तपासायला सांगा. सीके कमाल मर्यादेच्या दहापटीहून जास्त असेल तर मामला गंभीर. सगळ्या गोळ्यांची पाकिटं सोबत न्या. ‘ती पांढरी गोळी’ एवढ्यावर डॉक्टरांचं भागत नाही. अंगदुखीवर घरातली डायक्लोफिनॅक मुळीच नको, मूत्रपिंडावर आणखी ताण येतो. ॲस्पिरिन किंवा रक्तदाबाची गोळी मात्र मनाने बंद करू नका. छातीत दुखलं किंवा धाप लागली तर थेट १०८.

स्टॅटिन पुन्हा कधी, कोणतं आणि किती, हे सीके उतरल्यावर डॉक्टर ठरवतील.