एमकेव्ही फाईल टीव्हीवर चालत नाही, क्वालिटी न घालवता एमपी४ कशी करू?

तुम्ही लिहिलंय की कन्व्हर्टर दोन तास चालतो आणि तरी चित्र आधीपेक्षा धुरकट येतं. म्हणजे तो अख्खा व्हिडिओ नव्याने एनकोड करतोय (उलगडून परत दाबून साठवतोय), आणि बहुतेक वेळा त्याची गरजच नसते.

एमकेव्ही किंवा एमपी४ हा नुसता डबा असतो हो. आतला व्हिडिओ एच.२६४, एच.२६५ असल्या कोडेकमधे (डेटा दाबून साठवायच्या पद्धतीत) असतो, ऑडिओचा कोडेक वेगळा, आणि टीव्हीचं नेमकं कशाशी बिनसलंय ते बघितल्याशिवाय कन्व्हर्ट करायला बसू नका. व्हीएलसी प्लेअरमधे फाईल लावा, टूल्स मेनूत कोडेक इन्फर्मेशन उघडा. व्हिडिओपुढे एच२६४ आणि ऑडिओपुढे एएसी (टीव्हीला चालणारा ऑडिओ कोडेक) दिसलं तर काम दोन मिनिटांचं आहे, फक्त डबा बदलायचा. त्याला रीमक्स म्हणतात. एव्हीडीमक्स नावाचं फुकट सॉफ्टवेअर घ्या, त्यात डावीकडे व्हिडिओ आउटपुट कॉपी, ऑडिओ आउटपुट कॉपी, खाली फॉरमॅट एमपी४ मक्सर, आणि सेव्ह. क्वालिटी जशीच्या तशी राहते कारण आतल्या डेटाला हातच लागत नाही, फाईल कॉपी व्हायला लागतो साधारण तेवढाच वेळ. (नुसतं एक्स्टेन्शन रीनेम करून हे होत नाही, ते करत बसू नका.)

चित्र येतं पण आवाज नाही, असं होत असेल तर नव्वद टक्के ऑडिओचा कोडेक डीटीएस असणार, बऱ्याच टीव्हींना तो झेपत नाही. मग व्हिडिओ कॉपीच ठेवा आणि फक्त ऑडिओ एएसी करा, तेही पटकन होतं. व्हीएलसीत ए५२ दिसलं तर गोंधळू नका, तो एसी३ हा ऑडिओ कोडेकच, त्याच्याशी टीव्हीचं सहसा जमतं.

खरंच नव्याने एनकोड करावं लागतं ते व्हिडिओचा कोडेकच टीव्हीला कळत नसेल तेव्हा. जुना टीव्ही आणि फाईल एच.२६५, किंवा एच.२६४च पण १० बिट (रंगांच्या जास्त छटा साठवणारा, नेहमीचा ८ बिट असतो), हा दुसरा प्रकार फार छळतो कारण नाव ओळखीचं दिसतं आणि तरी चालत नाही. अशा वेळी हँडब्रेक नावाचं फुकट सॉफ्टवेअर वापरा, पण लक्षात घ्या की तो व्हिडिओ कॉपी करतच नाही, दरवेळी नव्याने एनकोड करतो, म्हणून रीमक्ससाठी तो नको. एनकोडर एक्स२६४ (एच.२६४ बनवणारा, ८ बिटवाला), आणि क्वालिटी ठरवणारा आरएफचा स्लायडर १०८०पीसाठी २० ते २२ च्या आसपास. आकडा जितका कमी तितकी क्वालिटी चांगली आणि फाईल मोठी. थोडी क्वालिटी जाणारच, कारण आधीच एकदा काटछाट झालेल्या चित्राची परत काटछाट होते, आणि बिटरेट (दर सेकंदाला लागणारा डेटा) वाढवून गेलेलं परत येत नाही, नुसती फाईल फुगते. ग्राफिक्स कार्डवाला एनकोडर निवडला तर भराभर होतं पण तेवढ्याच साइझमधे चित्र जरा कमी पडतं. मी तरी घाई नसेल तर रात्रभर प्रोसेसरवरच लावून ठेवतो.

ऑनलाइन कन्व्हर्टरच्या नादी लागू नका. घरचे व्हिडिओ कुठल्या सर्व्हरवर जातात देव जाणे, आणि अपलोड डाउनलोडमधे जाईल तेवढ्या वेळात इथे दहा फाईली रीमक्स होतील.

सबटायटल असतील तर ती रीमक्स करताना गळतात, एसआरटी फाईल वेगळी काढून व्हिडिओच्याच नावाने शेजारी ठेवा, बहुतेक टीव्ही उचलतात. आणि हो, पेनड्राइव्ह एफएटी३२ (फाईली साठवायची जुनी पद्धत) असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाईल त्यावर जाणारच नाही, त्यात एमपी४चा काही दोष नसतो. मूळ फाईल लगेच डिलीट करू नका, आधी नवीन फाईल टीव्हीवर लावून मधे आणि शेवटी आवाज ओठांशी जुळतोय का ते बघा. तरी अडलंच तर कोडेक इन्फर्मेशनमधे काय दिसतं ते इथे लिहा, सांगतो.