मिलफर्ड साउंडचे धबधबे पाहायला जाण्यापूर्वी

न्यूझीलंडमधील मिलफर्ड साउंडला आपण प्रथमच जात आहात, म्हणून आधीच सांगतो की केवळ पावसाचा अंदाज पाहून बोटीचे आरक्षण रद्द करू नये. तेथे वर्षाला ६,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. स्टर्लिंग आणि बोवेन हे दोन मोठे धबधबे बारमाही असले, तरी उभ्या कड्यांवरून एकाच वेळी कोसळणाऱ्या असंख्य धारा पाऊस सुरू असताना आणि तो थांबल्यावर थोडाच वेळ दिसतात, कारण त्या खडकावर पाणी धरून ठेवण्याइतकी मातीच नाही. माझ्या मते तर निरभ्र दिवशी तेथील निम्मी मौज जाते, छायाचित्रकार काहीही म्हणोत. स्टर्लिंग सुमारे १५० मीटर उंचीवरून थेट फियोर्डच्या, म्हणजे उंच कड्यांमधल्या त्या अरुंद समुद्री खाडीच्या, पाण्यात पडतो आणि बोट त्याच्या अगदी जवळ नेली जाते, तेव्हा छत्रीचा उपयोग होत नाही. टोपी असलेला रेनकोट घालावा आणि कॅमेरा वेळीच झाकावा. क्वीन्सटाउनहून एका दिवसात धावपळ करण्यापेक्षा वाटेवरच्या ‘ते आनाऊ’ या गावी मुक्काम करून सकाळची बोट घ्यावी, कारण दुपारच्या सुमारास बसगाड्यांची गर्दी होते. हिवाळ्यात हिमस्खलनाच्या धोक्यामुळे रस्ता बंद होऊ शकतो, तेव्हा निघण्यापूर्वी चौकशी करावी. किनाऱ्यावर सँडफ्लाय नावाच्या बारीक माश्या फार चावतात, त्यांच्यासाठी मलम जवळ ठेवावे.