सीट दोन बोटं वर

वाचकांचे प्रश्न, सायकलवाल्याच्या मुलीची उत्तरं

नवरात्र संपलं, पाऊस ओसरला की चार महिने जिन्याखाली पडून असलेल्या सायकली बाहेर निघतात आणि माझ्याकडे पत्रं यायला लागतात. या खेपेच्या निम्म्या पत्रांत गुडघा आहे. तेव्हा सुरुवात तिथूनच.

*ताई, माझं वय ३८. सहा महिन्यांपूर्वी सात गिअरची हायब्रिड घेतली. रोज पंधरा किलोमीटर आणि रविवारी यवतेश्वरचा घाट. दीड महिन्यापासून उजव्या गुडघ्याची वाटी पुढून दुखते, जिना उतरताना जास्तच. गुडघ्याला पट्टा घेऊ का?*
— एक शिक्षिका, सातारा

पट्ट्याचं नंतर बघू. आधी मला सांगा, सिग्नलला थांबल्यावर सीटवर बसल्या बसल्या तुमचे दोन्ही पाय जमिनीला टेकतात का? टेकत असतील तर तुमची सीट खाली आहे आणि बहुधा दुखणंही तिथलंच आहे.

ही सवय आपल्याला स्कूटरनं लावली. पाय टेकले नाहीत तर पडू, अशी धास्ती असते. दुकानात नवी सायकल घेणारी दहातली आठ माणसं मला सीट खाली करायला लावतात, आणि पैसे देणारं गिऱ्हाईक म्हटल्यावर मीही करून देते. पण सीट खाली असली की पॅडल वर येताना गुडघा फार दुमडतो आणि त्या दुमडलेल्या गुडघ्यावर जोर दिला की सगळा दाब वाटीवर येतो. यवतेश्वरला हे शेकडो वेळा होतं.

मापायची पद्धत साधी आहे. रोजचेच बूट घाला, भिंतीला एक हात टेकून सीटवर बसा, एक पॅडल पार खाली घ्या आणि त्यावर टाच ठेवा. पाय सरळ झाला पाहिजे, आणि तोही कंबर एका बाजूला न कलंडता. मग टाचेऐवजी चवडा ठेवा, गुडघ्याला आपोआप थोडा बाक येईल. तेवढाच हवा. तुमची सीट दोन बोटं तरी वर जाईल असा माझा अंदाज आहे, पण एका दिवसात नेऊ नका. दर दोन-तीन फेऱ्यांनंतर अर्धा सेंटीमीटर. सीटपोस्टला इलेक्ट्रिकची टेप गुंडाळून ठेवा, म्हणजे कुठून कुठं आलात ते कळेल. पोस्टवर कोरलेली हद्दीची रेघ मात्र नळीच्या बाहेर दिसता कामा नये. आणि वर नेता नेता गुडघा मागच्या बाजूनं ओढायला लागला तर जास्त झाली, थोडी खाली घ्या.

आता थांबायचं कसं? सीटवरून पुढं उतरायचं, एक पाय जमिनीवर, दुसरा पॅडलवर. माझ्या वडिलांच्या, अण्णांच्या दुकानात तासावर भाड्यानं मिळणाऱ्या मोठ्या सायकलींवर आम्ही नळीखालून पाय घालून हाफ पॅडल मारायचो. तिथं सीटला टेकायचाच प्रश्न नव्हता, तरी थांबता यायचं. तुम्हाला चार दिवसांत जमेल.

दुसरी गोष्ट गिअरची. चढावर पंधरा सेकंदांत उजवा पाय किती वेळा खाली जातो ते मोजा. सपाटीवर वीसच्या आसपास ठीक, चढावर सोळा-सतरा. पंधराच्या खाली आलात की गिअर हलका करा. सगळ्यांत हलक्या गिअरवरही आकडा बारा-तेराच येत असेल तर दोष तुमचा नाही, मागच्या फ्रीव्हीलचा, म्हणजे चाकावरच्या दातेरी चकत्यांचा आहे. सात गिअरच्या बऱ्याच सायकलींना सगळ्यांत मोठी चकती २८ दात्यांची असते. ३४ ची मिळते. बसवण्याआधी डिरेलर (गिअर बदलताना चेन सरकवणारा भाग) तेवढी चकती पेलतो का आणि चेन पुरते का, हे कारागिराकडून बघून घ्या.

तीन आठवड्यांत फरक पडला नाही, किंवा गुडघा सुजला, मध्येच अडकायला लागला, तर हाडांच्या डॉक्टरांकडे जा. मी पाना फिरवणारी बाई, गुडघ्याच्या आतलं मला कळत नाही.

*वय ४६, बँकेत आहे. रविवारी साठ किलोमीटर करतो, त्याहून जास्त कधी केलं नाही. दहा आठवड्यांनी पुण्याहून २०० किलोमीटरची बीआरएम आहे. मित्र म्हणतात जमेल, बायको म्हणते वेड लागलंय. तयारी कशी करू? आणि हृदयाचे ठोके दाखवणारं घड्याळ घ्यावंच लागेल का?*
— एक वाचक, सांगली

वहिनींना आधी एवढं सांगा की बीआरएम ही लांब पल्ल्याची सायकलफेरी आहे, शर्यत नाही. पहिला नंबर नसतो, बक्षीस नसतं. ठरलेल्या वेळेत ठरलेलं अंतर तोडायचं, वाटेतल्या कंट्रोलवर, म्हणजे ठरवून दिलेल्या थांब्यांवर नोंद करायची, इतकंच. २०० ला साडेतेरा तास मिळतात, ३०० ला वीस, ४०० ला सत्तावीस, ६०० ला चाळीस. तुम्ही बँकेतले, हिशेब तुम्हीच करा: अठराच्या वेगानं गेलात तर चाक अकरा तास सात मिनिटं फिरेल. म्हणजे खाणं, पाणी, पंक्चर, फोटो यांना दोन तास तेवीस मिनिटं उरतात. अठरा हा काही फार वेग नव्हे. पण अर्धा अर्धा तास चहाला थांबणाऱ्याला तो पुरत नाही. २०० मध्ये वेळ जातो तो टपरीवर.

रविवार असे लावा. पुढचे तीन ७०, ८०, ९०. चौथा हलका, ५०. मग १००, ११५, १३०. आठवा ६०, नववा पुन्हा १३०, दहाव्या आठवड्यात फक्त पाय मोकळे करायला ३०. पूर्ण २०० घरी करून बघायची गरज नाही. १३० नीट झाले, दुसऱ्या दिवशी कामावर जाता आलं, की २०० होतात. आठवड्यात दोन संध्याकाळी एकेक तास, त्यातल्या एका दिवशी चढ. बाकी सगळं अशा वेगानं की शेजारच्याशी पूर्ण वाक्यं बोलता आली पाहिजेत. दम लागून शब्द तुटायला लागले की वेग कमी. हेच तुमचं घड्याळ, आणि ते फुकट आहे. हातातलं घ्यायला माझी ना नाही, पण त्या पैशांत चांगला पुढचा दिवा, मागचा दिवा आणि रिफ्लेक्टिव्ह जाकीट येतं, आणि ते हेल्मेटसकट निघताना तपासलं जातं. चाळिशी ओलांडल्यावर पहिल्यांदाच एवढं करताय, तर निघण्याआधी एकदा डॉक्टरांकडून तपासून घ्या. त्यात लाजायचं काही नाही.

आता खाण्याबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण तिथं मी स्वतः तोंडावर आपटलेय. माझी पहिली ३०० अर्धवट राहिली. पहाटेचा गारवा होता, अंगात जोर होता, पुढं चार दणकट पोरं होती. त्यांच्या मागं लागून पहिले शंभर किलोमीटर चोवीसच्या सरासरीनं गेले. भूक नव्हती म्हणून खाल्लं एक केळं. २१० वर, अंधार पडताना, एका बंद पेट्रोल पंपाच्या कट्ट्यावर बसले. खिशातून चिक्की काढली आणि तिचा कागद मला फाडता येईना. बोटं थरथरत होती. दातानं फाडला तर घास गिळवेना. गुडघे ठीक, सायकल ठीक, हातात वेळही भरपूर होता. टेम्पोत सायकल टाकून घरी आले.

तेव्हापासून सायकलच्या हँडलवर टेपचा तुकडा असतो, त्यावर लिहिलेलं असतं ‘खा’. पहिल्या पाऊण तासात पहिला घास, मग दर अर्ध्या-पाऊण तासाला थोडं थोडं. तासाला साधारण ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत. एका मध्यम केळ्यात पंचवीसच्या आसपास असतात. राजगिऱ्याचा लाडू, खजूर, गूळपोळीचा तुकडा, शेंगदाण्याची चिक्की, सगळं चालतं. गूळपोळी तर माझी लाडकी, चुरगळली तरी चव बिघडत नाही. मिसळीवर ताव मारायचा तो सायकल लावल्यावर. मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर मात्र माझं ऐकू नका, डॉक्टरांना विचारून ठरवा.

पाण्यात ओआरएस घालताय तर पुडी वाचा. ती एक लिटर पाण्याची असते आणि आपली सायकलची बाटली ७५० मिलीची. अख्खी पुडी तिच्यात ओतली की पाणी खारट-गोड गच्च होतं, मळमळतं आणि लोक ओआरएसला शिव्या घालतात. पाऊण पुडी घाला. आणि भीतीपोटी साधं पाणी घटाघटा पीत राहू नका, त्यानं रक्तातलं मीठ पातळ होतं आणि ते धोक्याचं असतं. तहान लागली की प्या.

शेवटचं: त्या आठवड्यात नवीन काही नको. नवी सीट नको, नवे बूट नको, कुणी दिलेली खायच्या जेलची पुडी नको.

*पॅडवाल्या शॉर्टच्या आत अंतर्वस्त्र घालायचं की नाही? दुकानात विचारायला संकोच वाटला. आणि आमच्या गावात तसली घट्ट चड्डी घालून बाईमाणसानं निघणं अवघडच.*
— एक वाचक, तालुका कराड

नाही घालायचं. संकोचापायी हे कुणी विचारत नाही आणि शिवणीनं मांड्या सोलून निघतात. सुती कापड घाम धरून ठेवतं आणि त्याची शिवण नेमकी टेकायच्या जागी येते. पॅड थेट कातडीला लागायला हवं, आणि दर फेरीनंतर शॉर्ट धुतलीच पाहिजे. लांब पल्ल्याला घासायच्या जागी पेट्रोलियम जेली लावा.

गावाचं म्हणाल तर वरून सैल ट्रॅकपँट चढवा. मी पहिली दोन वर्षं तेच केलं. उजव्या पायाच्या घोट्याला रबरबँड लावा, नाहीतर चेन पँट खाते. आणि सीटवर जाडजूड जेलचं कव्हर घालू नका. दहा किलोमीटर ते गादीसारखं वाटतं, पन्नासनंतर मऊ भाग नको तिथं वर येऊन मुंग्या आणतो. बसताना बुडाची दोन हाडं टेकली पाहिजेत, म्हणून त्या हाडांच्या रुंदीची, जरा कडक सीट बरी.

*मुलगा सतरा वर्षांचा. म्हणतो कार्बनची सायकल घेतल्याशिवाय पुढं जाता येत नाही. सध्या अ‍ॅल्युमिनिअमची रोडबाइक आहे, दोन वर्षं जुनी. किंमत ऐकून मी खुर्चीत बसलो. काय करू?*
— एक वडील, नाशिक

तुम्ही नाशिकचे, म्हणजे महाजन बंधू तुम्हाला ठाऊक असतील. दोघं डॉक्टर, आपापला दवाखाना सांभाळून सराव केला आणि २०१५ मध्ये दोघांच्या टीमनं रेस अक्रॉस अमेरिका नऊ दिवसांच्या आत पुरी केली. साधारण ४,८०० किलोमीटर. तिथं चांगली सायकल लागतेच, मी नाही म्हणत नाही. पण मुलाला कागद-पेन घेऊन बसवा. तो आणि सायकल मिळून समजा ७० किलो. कार्बननं दीड-दोन किलो वाचतील, म्हणजे जास्तीत जास्त तीन टक्के. तासाभराच्या चढाला पावणेदोन मिनिटं. सपाटीवर तेवढीही नाहीत.

त्याच्या सायकलला टायर कोणते आहेत ते बघा. २३ मिलीमीटर रुंदीचे कडक असतील आणि फ्रेममध्ये जागा असेल तर चांगल्या प्रतीचे २८ चे घाला. हवा शंभर पीएसआयला ठोकायची सवय मोडा. त्याच्या वजनाला २८ च्या टायरमध्ये ७० च्या आसपास पुरते, पुढच्या चाकात पाच कमी. आपल्या रस्त्यांवर चाक उड्या मारायचं थांबलं की वेग आपोआप मिळतो. नवी चेन, नव्या केबल, एकदा दोन्ही चाकांचा आउट (डगमग) काढून घ्या. सगळं मिळून कार्बनच्या किमतीचा बारीकसा तुकडा होईल. वर्षभर त्यानं नेमानं सराव केला, तर पुढच्या दिवाळीला पुन्हा लिहा. तेव्हा मी कदाचित त्याच्या बाजूनं बोलेन.

*आठवड्यात तीनदा मागचं चाक पंक्चर. दुकानदार म्हणतो ट्यूबच खराब, नवी घ्या. दोन घेतल्या, त्याही गेल्या.*
— एक वाचक, हिंजवडी

ट्यूबचा बिचारीचा दोष नाही. तुम्ही हायवेच्या कडेनं जाता का? ट्रकचे टायर फाटले की त्यांच्यातली पोलादी तार बारीक तुकडे होऊन कडेला पसरते. केसापेक्षा थोडी जाड, जेमतेम अर्ध्या सेंटीमीटरची. टायरमध्ये घुसली की बाहेरून दिसत नाही, हवा भरून चाक दाबलं की आतून टोचते.

ट्यूब बसवताना व्हॉल्व्ह नेहमी टायरवरच्या कंपनीच्या नावासमोर ठेवा. मग पंक्चर झाल्यावर ट्यूबचं भोक व्हॉल्व्हपासून किती वितींवर आहे ते मोजायचं आणि टायरवर तेवढ्याच वितींवर शोधायचं, दोन्ही बाजूंना. बोट फिरवू नका, चिरेल. कापसाचा बोळा टायरच्या आतून सावकाश फिरवा, तार असेल तिथं कापसाचे धागे अडकतील. नेलकटरनं किंवा चिमट्यानं ओढून काढा. एका जागी शेजारी शेजारी दोन भोकं असतील तर तारेचं काम नव्हे. हवा कमी असताना खड्ड्यात रिम आपटलीय.

आणि बारीक तोंडाचा व्हॉल्व्ह असेल तर पेट्रोल पंपाची हवा त्याला बसत नाही. पितळेचा छोटा अ‍ॅडाप्टर मिळतो, किरकोळ किमतीचा. एक व्हॉल्व्हवर चढवून ठेवा, एक पिशवीत.

माझ्या काउंटरवर एक काडेपेटी आहे. गिऱ्हाइकांच्या टायरमधून निघालेल्या तारा तिच्यात टाकते, ट्यूबवर संशय घेणाऱ्यांना दाखवायला. गणपतीनंतर रिकामी केली होती, आज बघते तर अर्धी भरलीय.