रताळ्याचा वेल, डेलियाचे कंद आणि कोल्हापूरचा पाऊस

एप्रिल लागला की कंदांबद्दलचे प्रश्न यायला लागतात, आणि दर वर्षी जवळपास तेच. निम्म्या जणांनी थंड देशातला एखादा व्हिडिओ पाहिलेला असतो. तिथे बर्फ पडायच्या आत कंद काढून तळघरात ठेवतात, म्हणून आपणही काहीतरी तसेच करायला हवे, अशी त्यांची समजूत झालेली असते. उरलेल्यांना शेजारच्या काकूंनी काहीतरी सांगितलेले असते. वळीव सुरू व्हायच्या आत या सगळ्यांना एकदाच उत्तर देतो.

शोभेच्या रताळ्याचा पोपटी वेल कुंडीत आहे. थंडीत तो घरात घ्यावा लागतो का? कंद काढून ठेवू का? (वाचक, ताराबाई पार्क)

नाही आणि नाही. कोल्हापूरच्या थंडीत पहाटेचे तापमान बहुधा १४-१५ अंशांच्या आसपास असते. त्याने हा वेल मरत नाही, फक्त वाढ मंदावते. पाणी कमी करा आणि फेब्रुवारीअखेर छाटा. कंद काढून ठेवला तरी तो आपल्याकडे झोपून राहत नाही. रताळे टिकायला १३ ते १६ अंश लागतात. आपल्या उन्हाळ्यात घरातल्या घरात तीस अंशांच्या वर पारा असतो, त्यामुळे टोपलीतल्या रताळ्याला काही आठवड्यांतच कोंब फुटतात. पन्हाळ्यावर बंगला असेल तर थंडी थोडी जास्त असते, तेव्हा कुंडी भिंतीच्या आडोशाला घ्या. तेवढे पुरे.

मग नवीन रोप कसे करायचे?

तीन-चार पेरांचा तुकडा तोडा, खालची पाने काढा, ओल्या मातीत खोचा. आठ-पंधरा दिवसांत मुळे धरतो. पाण्याच्या बाटलीतही धरतो, पण ते पाणी दोन-तीन दिवसांनी बदला. डास पाळायचे नाहीत.

उपवासाला आणलेल्या रताळ्याला कोंब आलेत. ते लावले तर शोभेचा वेल होईल का?

रताळ्याचा वेल होईल, हिरव्या पानांचा. पोपटी किंवा जांभळा होणार नाही.

ऑनलाइन ‘सप्तरंगी रताळ्याच्या वेलाचे बी’ मागवले. दोन महिने झाले, काही उगवले नाही. माती चुकली का? (वाचिका, राजारामपुरी)

माती नाही, खरेदी चुकली. शोभेच्या रताळ्याचे वेल बियाण्याने करत नाहीत, फाट्याने करतात. पोपटी पानांची ‘मार्गारिटा’ काय किंवा काळपट जांभळ्या पानांची ‘ब्लॅकी’ काय, या जाती तुकड्यातूनच जशाच्या तशा पुढे येतात. पाकिटातले बी बहुधा गारवेलीचे किंवा आणखी कशाचे तरी असेल. फोटोतली निळी-सोनेरी पाने संगणकावर रंगवलेली असतात. निळ्या डेलियाचे कंद विकणारेही याच वर्गातले, कारण खऱ्या निळ्या डेलियाचे कंद बाजारात मिळत नाहीत. पैसे परत मागा आणि गावातल्या रोपवाटिकेत जाऊन डोळ्यांसमोर दिसणारे रोप घ्या. ओळखीच्यांकडून फाटा मिळाला तर फुकट.

जांभळ्या पानांच्या वेलाखाली मोठे रताळे सापडले. जांभळे रताळे पौष्टिक असते असे वाचले. उकडून खाऊ का?

खाऊ नका. जात रताळ्याचीच आहे, त्यामुळे हे कंद मुळात विषारी नसतात. पण त्यांना चव नसते, आणि रोपवाटिकेत त्या रोपावर काय फवारले हे विकणाऱ्यालाही बऱ्याचदा सांगता येत नाही. पान जांभळे म्हणजे गर जांभळा, असेही नसते. ज्या जांभळ्या गराबद्दल तुम्ही वाचले त्या खाण्याच्या जाती वेगळ्या. तिरुवनंतपुरमच्या केंद्रीय कंदपिके संशोधन संस्थेची ‘भू कृष्णा’ ही अशी एक. खायचीच असतील तर खाण्याची रताळी लावा. चंदगडच्या शेतकऱ्याला विचारा, तो आपल्या दोघांपेक्षा जास्त सांगेल.

यात माझी काळजी वेगळीच आहे. बागेतले सगळे कंद एका टोपलीत, चिठ्ठीशिवाय, स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात ठेवणारी घरे मी पाहतो. त्याच टोपलीत कोणीतरी हौसेने आणलेला कळलावीचा कंद असतो. आपल्या डोंगरात पावसाळ्यात लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी फुलते तीच ही कळलावी. तिच्या कंदात कोल्चिसीन नावाचे जहाल विष असते, आणि रताळे समजून तो खाल्ल्याने माणसे दगावली आहेत. तसा संशय जरी आला तरी ताक पाजत, उलटीची वाट बघत बसू नका. उरलेला तुकडा बरोबर घेऊन तडक सीपीआर हे कोल्हापूरचे सरकारी रुग्णालय किंवा जवळचे दुसरे मोठे रुग्णालय गाठा. किडकी, बुरशी आलेली रताळीही म्हशीपुढे टाकू नका. त्यांत तयार होणाऱ्या विषाने जनावरांच्या फुप्फुसांना इजा होते. टाकून झाली असतील आणि जनावर धापा टाकत असेल तर पशुवैद्याला बोलवा, आत्ताच.

डेलियाचे कंद गेल्या वर्षी काढून प्लास्टिकच्या पिशवीत, हळद लावून माळ्यावर ठेवले होते. गणपतीत उघडले तर निम्म्यांचा चिखल आणि निम्म्यांचा कोळसा. थंडी लागली असेल का? (वाचिका, नागाळा पार्क)

थंडी? एप्रिल ते सप्टेंबर या काळात?

या प्रश्नाला मी जरा जागा देणार आहे, कारण कोल्हापुरात डेलिया असाच मरतो आणि दोष भलत्यालाच जातो. थंड देशात डेलिया उन्हाळ्यात फुलतो आणि हिवाळ्यात झोपतो, त्यामुळे तिथे कंद गारठ्यापासून वाचवायचा असतो. आपल्याकडे तो ऑक्टोबरच्या सुमारास लावतात, डिसेंबर ते फेब्रुवारी फुलतो आणि झोपतो तो थेट उन्हाळा नि पावसाळा ओलांडून. म्हणजे आधी दोन महिने भाजणारी उष्णता आणि मग चार महिने ओल. वाचवायचे ते या दोन्हींपासून. तिकडची कृती इकडे उतरवली की तुमच्यासारखे होते. माळ्यावर पत्र्याखाली जे होते त्यांचा कोळसा झाला, पिशवीत घाम धरला त्यांचा चिखल. हळदीने कंद पिवळा होतो, एवढा एकच परिणाम मी खात्रीने सांगू शकतो.

मार्चमध्ये पाने पिवळी पडू लागली की पाणी तोडत न्या. दांडा वाळला की वितभर ठेवून वरचा भाग कापा. खुरपे बुंध्यापासून दूर घाला आणि गड्डा अखंड उचला. दांडा आणि कंद यांना जोडणारी जी बारीक मान असते ती जपायची, कारण डोळे तिथे, दांड्याच्या बुडाशी असतात. मान मोडलेला कंद कितीही टपोरा दिसला तरी त्याला कोंब येत नाही. बाजारात असे एकेकटे, बिनडोळ्याचे कंद रंगीत चित्राच्या पाकिटात सर्रास विकतात. घेताना बूड बघून घ्या, बघू देत नसेल तर घेऊ नका.

उचललेला गड्डा झटकून सावलीत तीन-चार दिवस सुकू द्या. उन्हात नाही. दांड्याला जातीची चिठ्ठी बांधा. मग मातीच्या कुंडीत किंवा लाकडी खोक्यात कोरड्या वाळूत किंवा कोरड्या कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याच्या भुशात) ठेवा, वर झाकण नको. कांदा चाळीत का टिकतो ते आठवा: खालून-वरून वारा. जागा घरातली सर्वांत गार, पण पश्चिमेची भिंत सोडून. जुलैत त्या भिंतीला ओल येते आणि तिला टेकलेले खोके ती ओल पिते. महिन्यातून एकदा कंद चाचपून बघा. मऊ पडलेला लगेच बाजूला काढा, नाहीतर शेजारचेही जातात. सुरकुतला असेल तर वाळूवर पाण्याचा किंचित शिडकावा करा, कंदावर नको.

एवढी खटपट नको असेल तर कुंडीतला गड्डा कुंडीतच राहू द्या आणि कुंडी पाऊस न लागणाऱ्या वळचणीला आडवी करून ठेवा. हे बऱ्याच जणांना जमते. जमिनीत लावलेला मात्र काढावाच लागतो. राधानगरी, गगनबावड्याकडच्या धो धो पावसात राहणाऱ्यांनी तर विचारूही नये.

आणि हे सगळे वळिवाच्या आत. मृग लागल्यावर, दोन सरी पडून गेल्यावर “आता काढू का?” असे फोन येतात. तोपर्यंत कंदाने पाणी प्यायलेले असते. त्या वेळी काढलेला सुकत नाही आणि ठेवलेला कुजतो. कुजीला कुठले बुरशीनाशक आणि किती, हे मी इथे लिहिणार नाही. एकच औषध सगळ्या कुजींना चालत नाही. दोन-तीन बाधित कंद कागदात गुंडाळून कृषी महाविद्यालयात वनस्पती रोगशास्त्राच्या तज्ज्ञांना दाखवा, दुकानदाराला नको.

कंद फ्रिजमध्ये ठेवले तर?

नको. रताळे १२ अंशांच्या खाली आतून बिघडते, कॅलेडियमला (रंगीत पानांच्या शोभेच्या कंदझाडाला) तर १५ च्या खालीच त्रास होतो. डेलिया ती थंडी सोसतो, पण घरच्या फ्रिजमध्ये तो सुकून जातो आणि शेजारच्या फळांच्या वायूनेही बिघडतो. शिवाय कोणीतरी भाजी समजून चिरेल.

ऑगस्टमध्ये आणलेले कॅलेडियम डिसेंबरात पूर्ण वाळले. पुन्हा नवीन आणावे का?

आधी कुंडी उकरा. कंद बोटाने दाबून कडक लागला तर तो जिवंत आहे. डेलियाच्या उलट, कॅलेडियम आपल्याकडे हिवाळ्यात झोपते आणि पाने टाकते. ही गोष्ट विकताना सांगितली जात नाही, कारण तुम्ही पुढच्या ऑगस्टमध्ये पुन्हा नवीन घेता. हिवाळाभर पाणी बंद, कुंडी घरात. आता गरमी आली आहे, वरची माती बदला आणि थोडे थोडे पाणी सुरू करा. कंद चिरायचा असेल तर हातमोजे घाला, त्याच्या रसाने खाज सुटते. घरात रांगते मूल असेल तर कुंडी उंचावर ठेवा. त्याने पान चावले तर डॉक्टरांना दाखवा.

रताळ्याच्या वेलाच्या पानांना बंदुकीने मारल्यासारखी गोल भोके पडलीत. कोणते औषध?

औषधाआधी पान उलटे करून बघा. कासवासारख्या पाठीचा, चकचकीत सोनेरी भुंगेरा किंवा अंगावर स्वतःचीच घाण वागवणारी त्याची अळी दिसेल. चार कुंड्या असतील तर हाताने वेचून साबणाच्या पाण्यात टाका. पाने ठीक असून बुंध्याशी वेल फुगलेला, तडकलेला दिसला आणि आतून भुसा निघाला, तर मात्र प्रकरण सोंड्या भुंग्याचे आहे. तो शेतातल्या रताळ्याचाही शत्रू आहे. असा वेल कोणाला फाटे म्हणून वाटू नका, उकिरड्यावरही टाकू नका. जाळून टाका आणि जवळपास रताळ्याचे शेत असेल तर कृषी सहायकाला कळवा.

पुराचे पाणी दोन दिवस कुंड्यांत होते. त्यातले कंद वाचवता येतील का? (वाचक, शाहूपुरी)

रताळ्याच्या वेलाचे पाण्यावर राहिलेले शेंडे कापून लगेच नव्या मातीत लावा, ते जगतील. बुडालेल्या कंदांचा नाद सोडा. त्या पाण्यात गटार मिसळलेले असते, माती उपसताना हातमोजे घाला आणि हाताला जखम असेल तर आधी डॉक्टरांकडे जा. यंदा पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांच्या इशारा पातळीकडे सरकतेय असे ऐकले की कुंड्या गच्चीवर न्या. ४३ फुटांच्या धोका पातळीची वाट बघू नका.